यानाकाच्या गल्लीत सोयरिकीची चौकशी

जपानहून परत आल्यापासून जळगावात जो भेटतो तो दोन गोष्टी विचारतो. त्या जोरात पळणाऱ्या गाडीत बसलात का, आणि तिकडे सगळं कच्चंच खातात का? पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांनी इथे थांबलं तरी चालेल. आम्ही अकरा दिवस होतो, त्यातले दहा दिवस इतर प्रवाशांसारखेच गेले. मी लिहितोय ते उरलेल्या एका दिवसाबद्दल. त्या दिवशी टोकियोच्या जुन्या वस्तीतून आमची पायी फेरी होती, आणि माझे थोरले भाऊ नाना त्या फेरीवर मुलाची चौकशी करायला निघाले होते.

आधी नाना कोण ते सांगतो. आमचं मूळ गाव धरणगावच्या पुढे. नाना तिथे शेती करतात. मी नोकरीच्या निमित्ताने जळगावात आलो, मेहरूणला घर बांधलं, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो; नाना मात्र चौऱ्याहत्तराव्या वर्षीही सकाळी सहाला वावरात असतात. भावकीतली कोणतीही मुलगी द्यायची झाली की चौकशीला नानांनाच पाठवतात. त्यांची पद्धत ठरलेली आहे. मुलाच्या घरी जायचंच नाही. गावात उतरायचं, न्हाव्याकडे दाढीला बसायचं, टपरीवर चहा घ्यायचा आणि इकडचं तिकडचं बोलत माहिती काढायची. शिरपूरचं एक स्थळ त्यांनी सोड्याच्या गाडीवाल्याशी दहा मिनिटं बोलून मोडलं होतं. गाडीवाला एवढंच म्हणाला होता की पाटलांचा मुलगा रोज संध्याकाळी नुसता सोडा घेऊन जातो.

माझी मुलगी पल्लवी चार वर्षांपूर्वी नोकरीसाठी टोकियोला गेली. नानांना मूलबाळ नाही. पल्लवीच्या सगळ्या सुट्ट्या त्यांच्याकडे गेल्या, सायकल त्यांनीच शिकवली. ती जपानला निघाली तेव्हा ते स्टेशनवर आले होते, पण डबा हातात देऊन गाडी सुटायच्या आधीच परत फिरले. मग गेल्या वर्षी पल्लवीने फोनवर दाइची निशिदा नावाच्या मुलाबद्दल सांगितलं. मी आणि माझी बायको सुनंदा महिनाभर गोंधळलो आणि मग सावरलो. नानांनी तिच्याशी बोलणंच बंद केलं. तिचा फोन आला की वहिनींच्या हातात द्यायचे. आठ महिने हे चाललं.

नानांनी नाही म्हटलं असतं तरी आम्ही लग्न मोडलं नसतं. पण नाना लग्नाला आले नसते, आणि नाना नसलेल्या मांडवात पल्लवी उभी राहिली नसती, हे मला ठाऊक होतं. शेवटी तिनेच दोन तिकिटं पाठवली. सुनंदाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे दुसरं तिकीट नानांचं. कापसाची वेचणी चालू असताना ते येणार नाहीत अशी माझी खात्री होती. पण ते यायला तयार झाले. आमच्या खान्देशीत म्हणाले, "येस मी. पन चौकशी करसू. घर दखाडतीन ते देखाले मी येत नई."

निप्पोरी स्टेशन

दाइचीचे आईवडील नागोया शहरात असतात. तो कॉलेजसाठी टोकियोला आला तेव्हापासून आजोबांकडे, यानाका नावाच्या जुन्या वस्तीत राहतो. पल्लवीचा बेत असा होता: सकाळी दहा ते दोन आम्ही दोघांनी यानाकात पायी फेरी करावी, मग हॉटेलवर येऊन आंघोळ करावी, बरे कपडे घालावेत, आणि चार वाजता ती आम्हाला दाइचीच्या आजोबांकडे रीतसर घेऊन जाईल. भेटवस्तू कोणत्या हाताने द्यायची, किती वाकायचं, हे तिने मला दोनदा शिकवलं. नानांना शिकवायला ती त्यांच्यासमोर उभी राहिली तेव्हा ते खिडकीबाहेर बघत राहिले.

निप्पोरी स्टेशनबाहेर आमच्या वाटाड्या ओकाबेबाई उभ्या होत्या. साधारण पासष्टीच्या, शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, डोक्यावर कापडी टोपी, हातात छोटं पिवळं निशाण. त्या इंग्रजी बोलणार आणि मी नानांना मराठीत सांगणार, असं ठरलं. नानांच्या अंगावर पांढरा सदरा-पायजमा, त्यावर वहिनींनी विणलेला स्वेटर, डोक्यावर टोपी आणि पायात पल्लवीने आणलेले नवे बूट. ओकाबेबाईंनी त्यांच्या टोपीकडे बघितलं, नानांनी त्यांच्या. दोघांनाही समोरच्याची टोपी पसंत पडली असावी.

बाई म्हणाल्या, "एक विनंती आहे. आपण ज्या गल्ल्यांतून जाणार तिथे लोक राहतात. आवाज हळू ठेवू या."

मी नानांना सांगितलं.

"मी कव्हय मोठा बोलनू?" नाना म्हणाले. स्टेशनबाहेरची चारपाच माणसं वळून बघायला लागली. नानांचा आवाज वावराच्या या बांधावरून त्या बांधावर जाण्यासाठी घडलेला आहे. त्याला दुसरी पट्टी नाही.

दगडी शिळांमधून

फेरी सुरू झाली ती थेट स्मशानातून. यानाकाची स्मशानभूमी म्हणजे मधोमध रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं आणि त्यांच्या सावलीत घराण्यांच्या दगडी शिळा. खाली पूर्वजांच्या अस्थी असतात. तिथून लोक सायकलवर भाजी घेऊन जात होते. एक आई लहान मुलीला घेऊन बाकावर डबा खात बसली होती. आपल्याकडे स्मशानावरून जाताना बायका पदर सावरून पावलं उचलतात, हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "का? तुमचीच माणसं आहेत ना तिथे?"

नानांचं लक्ष शिळांवर होतं. प्रत्येक शिळेसमोर फुलं, पाण्याचं भांडं, झाडून घेतलेली जागा.

"हिले इचार, निशिदानी शिळा कोठे शे?"

"कशाला नाना?"

"झाडेल शे का नई ते देखू."

मी विचारलं. बाई म्हणाल्या, हजारो शिळा आहेत, आणि निशिदा आडनाव काही एका घरापुरतं नाही. त्यांना वाटलं, पाहुण्यांना जपानी कुळांची आवड आहे. त्यांनी आम्हाला कुठल्याशा जुन्या सरदाराची शिळा दाखवली आणि वीस मिनिटं माहिती दिली. नानांनी ती माना हलवत ऐकली, कारण आपण निशिदांच्या खापरपणजोबांबद्दल ऐकतोय असं त्यांना वाटत होतं. ते सरदार शेवटी लढाईत हरले, हे मी सांगितल्यावर नानांचा चेहरा उतरला. मग मला खरं सांगावं लागलं.

तिथेच नानांचा पाय गिंकोच्या फळांवर पडला. नोव्हेंबरात ही झाडं अशी पिवळीधमक होतात की बघत राहावं, आणि खाली जी फळं पडतात त्यांचा वास असा की नाकावर रुमाल धरावा. नाना त्या फळांच्या सड्यावरून दहाबारा पावलं चालले. नवे बूट चिकट झाले आणि पुढे दिवसभर तो वास आमच्याबरोबर राहिला. ओकाबेबाई इतक्या सभ्य की त्यांनी काही दाखवलं नाही. फक्त वाऱ्याची दिशा बघून त्या बाजू बदलत होत्या.

पायऱ्यांखालचा बाजार

स्मशान ओलांडून थोडं चाललं की रुंद पायऱ्या लागतात आणि खाली यानाकाचा बाजार दिसतो. एका अरुंद रस्त्याला दोन्हीकडे लहान लहान दुकानं: मासळी, चहाची पत्ती, लोणची, चपला, मांजरांची चित्रं काढलेल्या बशा. मांजर या वस्तीची लाडकी आहे. पितळेची मांजर छपरावर, लाकडाची मांजर पाटीवर. खरी मांजर मात्र आम्हाला एकच दिसली, तीही झोपलेली. गर्दी होती, पण कुणी कुणाला ढकलत नव्हतं. आणि एक कळलं, इथे चालता चालता खायचं नाही. ज्या दुकानातून घेतलं त्याच्यासमोर उभं राहून संपवायचं, कागद त्यांनाच परत द्यायचा. रस्त्यावर कचऱ्याची पेटी शोधूनही सापडत नाही, आणि कचराही सापडत नाही.

एका दुकानात म्हातारे गृहस्थ निखाऱ्यावर तांदळाच्या जाड चकत्या भाजत होते. सेनबेई म्हणतात त्याला. आपला पापड आणि भाकरीचा पापुद्रा यांच्यामधलं काहीतरी, वरून खारट काळा रस लावलेला. नानांनी एक घास खाल्ला, विचार केला, आणि पिशवीतून स्टीलची डबी काढली. वहिनींनी दिलेला हिरव्या मिरचीचा ठेचा. त्यांनी चकतीला ठेचा लावला, खाल्ला, समाधानाने डोळे मिटले आणि मग माणुसकी म्हणून एक तुकडा दुकानदारापुढे धरला.

"नाना, नको," मी म्हणालो.

"भाऊ एवढं शेकी ऱ्हायना दिवसभर, त्याले चव नको का?"

दुकानदाराने दोन्ही हातांनी तुकडा घेतला, वाकून आभार मानले आणि अख्खा तोंडात टाकला. पहिली दोनतीन सेकंदं काही झालं नाही. मग त्याच्या कपाळावर घाम आला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, कान लाल झाले. पण माणूस हलला नाही. ताठ उभा राहून त्याने तो घास चावून गिळला, पुन्हा वाकला आणि घोगऱ्या आवाजात काहीतरी म्हणाला.

"ते म्हणतात, अगदी चवदार आहे," ओकाबेबाईंनी सांगितलं. मग माझ्याकडे झुकून विचारलं, "यांना पाणी देऊ की दूध?"

माणूस खूश झाला असं समजून नानांनी तिथेच चौकशीला हात घातला. पल्लवीने त्यांच्या फोनमध्ये बोललेलं जपानीत करून देणारी सोय घालून दिली होती. ती मराठी समजते. नानांची खान्देशी तिला कशी समजणार? नानांनी फोन तोंडाजवळ धरला आणि विचारलं, "निशिदाना पोऱ्या कसा शे?"

फोन जपानीत बोलला. दुकानदार बुचकळ्यात पडला, बोटं मोजू लागला, आणि जरा उदास होऊन उत्तर दिलं. ओकाबेबाईंना हसू आवरेना.

"तुमच्या फोनने विचारलं, मुलं शंभर कशी आहेत? ते म्हणतात, पूर्वी असतील हो. आता या गल्लीत चारच मुलं राहिली आहेत."

नानांच्या 'शे'चे, म्हणजे आपल्या 'आहे'चे, शंभर झाले होते, आणि निशिदांचं नाव फोनने गाळूनच टाकलं होतं.

हिमालयाचं झाड

पुढे दोन गल्ल्या जिथे मिळतात तिथे देवदाराचं एक प्रचंड झाड आहे, हिमालयातल्या जातीचं. त्याच्या बुंध्याला टेकून एक जुनं बुटकं दुकान. कुणीतरी कुंडीत लावलेलं रोप वाढत वाढत एवढं झालं, असं सांगतात. परक्या देशात आपल्याकडचं झाड इतकं फोफावलेलं बघून मला बरं वाटलं. नाना झाडाला हात लावून उभे होते आणि ओकाबेबाई मला विचारत होत्या, "तुमच्या भावाला त्या दुकानदाराला नक्की काय विचारायचं होतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण बाई भल्या होत्या, आणि मला वाटलं, झालीच तर त्यांची मदत होईल. मी सगळं सांगितलं: मुलगी, मुलगा, आठ महिन्यांचा अबोला, न्हावी, सोड्याची गाडी.

मला वाटलं त्या हसतील. त्यांनी निशाण खाली केलं.

"पूर्वी आमच्याकडेही करायचे," त्या म्हणाल्या. "माणसं लावून घराण्याची माहिती काढायचे. पूर्वज कोणत्या वस्तीतले, काय काम करायचे. माझ्या मैत्रिणीचं लग्न त्यात मोडलं. तिच्या आजोबांचं काम कमी दर्जाचं होतं म्हणून. आता कुणी असं विचारलं तर लोक फार वाईट मानतात. मुलाच्या घरी कळलं तर तुमच्या मुलीला कठीण जाईल."

दर्जाची गोष्ट मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आपल्याकडे ती सोयरिकीच्या पहिल्या वाक्यात येते. मी नानांना बाजूला घेतलं आणि बाईंचं बोलणं सांगितलं.

नाना म्हणाले, "मी जात इचारत नई, बापू. माणूस कसा शे हाई इचारस. पोर इतली दूर देवानी, ते बी नको इचारू?"

मी वळून बाईंना हे इंग्रजीत सांगू लागलो. सोपं नव्हतं. 'माणूस कसा आहे' यावर त्यांनी तीन प्रश्न विचारले, मी तीन उत्तरं दिली, मग त्या म्हणाल्या की असं असेल तर ते वेगळं आहे. मी नानांना ही बातमी द्यायला वळलो. झाडाखाली कुणी नव्हतं.

पोलीस चौकी

त्या भागातल्या गल्ल्या सरळ नाहीत. एक तर चक्क सापासारखी वळत जाते. पूर्वी तिथे ओढा होता म्हणे. प्रत्येक घराबाहेर कुंड्या, प्रत्येक वळण आधीच्यासारखं. आम्ही दोघं अर्धा तास फिरलो. मी हाका मारत होतो आणि त्या वस्तीत मोठ्याने बोलणारा आता मीच होतो. नाना फोन उचलत नव्हते. मी पल्लवीला फोन केला. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही तिथेच थांबा, मी निघाले." तिच्या आवाजावरून कळत होतं की ती जिना उतरत होती.

कोपऱ्यावर पोलिसांची छोटी चौकी होती. तरुण पोलिसाने आम्हाला बसवलं, कागद घेतला आणि एकेक गोष्ट लिहून घ्यायला सुरुवात केली. उंची? माझ्याएवढी. केस? पांढरे. डोक्यावर? टोपी. कशी टोपी? ओकाबेबाईंनी कागदाची घडी घालून दाखवली. ओळखण्याची खूण? मी भरघोस मिशा सांगितल्या, आणि मग नाइलाजाने बुटांचा वासही सांगितला. पोलिसाने तोही लिहून घेतला.

तेवढ्यात चौकीच्या काचेबाहेरून एक ऐंशीचे गृहस्थ सायकल हातात धरून चालत गेले आणि त्यांच्याबरोबर नाना. चेहरा तुकतुकीत. मिशा जागेवर होत्या, पण कात्री लावलेल्या मेंदीच्या कुंपणासारख्या सरळ. मी धावत बाहेर आलो.

"अरे, कोठे व्हता तू?" नानांनीच मला विचारलं. "चाल. हाऊ माणूस पोऱ्याना आजा शे."

काय घडलं ते त्यांनी चालता चालता सांगितलं. मी बाईंशी बोलत होतो तेव्हा त्यांना गल्लीच्या टोकाला काचेतून एक उंच खुर्ची आणि आरसा दिसला. न्हाव्याचं दुकान सगळीकडे सारखंच. ते आत जाऊन बसले. न्हाव्याने मागितलं नसताना गरम टॉवेल दिला, दाढी केली, कपाळ आणि कानाच्या पाळ्याही केल्या, खांदे चेपले. नानांना डुलकी लागली. जागे झाले तेव्हा मिशांची छाटणी झालेली होती, आणि फोनची बॅटरी संपत आलेली. बोलण्यात अर्थ नाही हे एव्हाना त्यांना कळलं होतं; त्यांनी पल्लवी आणि दाइचीचा फोटो उघडून न्हाव्यापुढे धरला. न्हाव्याने फोटो बघितला आणि आनंदाने ओरडला. दाइचीचे केस तो गेली सात वर्षं कापत होता, हे आजोबांनी बाईंना सांगितलं. त्याने दाइचीच्या आजोबांना फोन लावला, आणि आजोबा सायकल घेऊन आले.

नानांची पद्धत टोकियोतही चालली. फक्त चौकशी करायच्या आधी चौकशीचं घरच त्यांना न्यायला आलं. चारऐवजी दोन वाजता, भेटवस्तू हॉटेलवर, आणि आमच्याबरोबर तो वास. मी पल्लवीला फोन करून तिकडेच यायला सांगितलं. बाईंची फेरी संपली होती, पण त्या आमच्याबरोबर चालत राहिल्या. "भाषांतर लागेल," एवढंच म्हणाल्या.

गादीवाल्याचं घर

निशिदा आजोबांचं घर म्हणजे पुढे दुकान, मागे राहायच्या खोल्या. दारातच बूट काढायचे. नानांनी काढले. आजोबांनी नाक मुरडलं नाही. बसायची जागा दाखवली, आणि आम्ही बसतोय तोवर स्वतः ते बूट उचलून नळाखाली धरले आणि ब्रशने घासायला लागले. नाना ताडकन उठले. मुलाकडचा माणूस, वयाने सहा वर्षं मोठा, आणि मुलीकडच्याचे बूट धुतोय! त्यांनी बूट ओढले, आजोबांनी सोडले नाहीत. दोन म्हातारे एका बुटासाठी झटापट करतायत आणि मधे पाणी उडतंय, असं ते दृश्य. शेवटी एकेक बूट वाटून घेतला आणि दोघांनी शेजारी बसून धुतला.

मग नानांचं लक्ष दुकानाकडे गेलं. सगळीकडे कापूस. आजोबा गाद्या भरतात. त्यांच्या वडिलांनी सुरू केलेलं काम. जुन्या गादीतला कापूस काढून, पिंजून पुन्हा भरायचा. नानांनी चिमूटभर कापूस उचलला, दोन्ही हातांच्या बोटांत धरून हळूहळू ताणला, तंतूची लांबी बघितली, मुठीत दाबून सोडला. तो फुलून वर आला.

"बापू, हाऊ तर देशी. आपला बाप पेरे तो. आपल्याकडे आता कोन्ही लावस नई."

बाईंनी विचारून सांगितलं की खरंच, हा कापूस हिंदुस्थानातूनच येतो. आखूड आणि टणक, म्हणून गादी बसत नाही. आजोबांनी नानांच्या बोटांकडे बघितलं, स्वतः चिमूट घेतली आणि अगदी तस्साच ताणून दाखवला. मग नाना, मग आजोबा. बराच वेळ दोघं न बोलता कापूस ताणत बसले. मला वाटलं, झालं, आता सगळं सुरळीत.

चहा आला. बाई माझ्याशी बोलत होत्या तेवढ्यात नानांनी माझा फोन घेतला; त्यातही पल्लवीने तीच सोय घातली होती. पल्लवी मासे खात नाही, आणि मुलाच्या घरात काय शिजतं हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. त्यांनी विचारलं, "पोऱ्या काय खास?"

खान्देशीत 'खास' म्हणजे खातो. फोनने विचारलं, या मुलात विशेष काय आहे?

आजोबांनी कप खाली ठेवला. गुडघ्यांवर हात ठेवून ते फोनपुढे सावकाश, गंभीरपणे बोलले. फोनने ते मराठीत वाचून दाखवलं: "विशेष काही नाही. माझा नातू अपुरा आहे. त्याला काही नीट जमत नाही. तुमच्या मुलीला त्याचा त्रास होईल."

नानांच्या हातातला कापूस खाली पडला. पन्नास वर्षांत इतकी माणसं चाचपली, पण खुद्द मुलाच्या आजाने असं सांगितलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. "चाल बापू," ते उठत म्हणाले. "उपकार झाया याना. आजाच सांगी ऱ्हायना."

"थांबा! थांबा!" ओकाबेबाईंचाही आवाज वस्तीला न शोभेल इतका चढला. त्यांनी घाईघाईने मला सांगितलं आणि मी नानांना. इथे आपल्या माणसाचं कौतुक परक्यासमोर करणं अत्यंत असभ्य समजतात. लग्नाच्या बोलणीत तर प्रत्येकाने आपलं माणूस कमीच सांगायचं. ते जितकं जिवाभावाचं, तितकं कमी.

नाना पुन्हा खाली बसले. "म्हणजे हाई त्यासनी रीत शे?"

"हो."

"मंग आपन बी तसंच बोलाले पाहिजे?"

मी बाईंना विचारलं. त्यांनी मान डोलावली. बोललात तर फार शोभेल.

नानांनी टोपी नीट केली. आजोबांसारखे गुडघ्यांवर हात ठेवले. दाराशी पावलं वाजली. पल्लवी आणि तिच्यामागे दाइची, दोघंही धापा टाकत उभे होते. नानांची दाराकडे पाठ होती. मी पल्लवीला हातानेच थांब म्हणून खूण केली.

"आमनी पल्लवी बी..." नानांनी सुरुवात केली. थांबले. "तिले बी काही..." पुन्हा थांबले. खाकरले. आजोबा वाट बघत होते, बाई वाट बघत होत्या. नानांच्या छाटलेल्या मिशा थरथरायला लागल्या.

"नई बापू. हाई माले जमस नई," ते म्हणाले. "असं खोटं कसं बोलू? आमनी आंडेर भलती गुणी शे. एकली इतल्या दूर ऱ्हायनी. आजारी पडनी तरी आम्हले कळू दिधं नई. मीच आठ महिना तिन्हासंगे बोलनू नई. ते मन्ही चुकी व्हती, तिन्ही नई."

आंडेर म्हणजे लेक. पुतणी म्हणाले नाहीत ते. मी ते सगळं इंग्रजीत केलं, आणि माझ्या निवृत्त जिवाने आयुष्यात इतकं जपून इंग्रजी बोललेलं मला आठवत नाही. बाईंनी त्याचं जपानी केलं. मधे दोनदा त्यांना चष्मा पुसावा लागला.

पल्लवी आत येऊन नानांच्या शेजारी जमिनीवर बसली. नानांनी तिच्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की तिने सगळं ऐकलं. त्यांनी लगेच विषय बदलला. "जेवनी का तू?" आठ महिन्यांनंतरचा पहिला शब्द. ती म्हणाली, "नाही." मग त्यांनी ठेच्याची डबी तिच्या हातात दिली, दुसरं काही जवळ नव्हतं म्हणून. तिने झाकण उघडलं, बोटावर ठेचा घेऊन तसाच खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं त्याला आता निमित्त होतं.

निशिदा आजोबा उठले आणि नानांसमोर वाकले. इतके खाली की आम्हाला त्यांचं टक्कल आणि मानेवरच्या सुरकुत्याच दिसत होत्या. बराच वेळ ते वर आले नाहीत. मागे दाइचीही तसाच वाकलेला. नाना गडबडले. पल्लवी त्यांना वाकायला शिकवत होती तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते. आपल्याकडे व्याह्याला भेटायची जी रीत त्यांना ठाऊक होती तीच त्यांनी केली. पुढे होऊन त्यांनी आजोबांना खांद्याला धरून सरळ केलं आणि कडकडून मिठी मारली.

ओकाबेबाईंनी तोंडावर हात घेतला. आजोबा लाकडाच्या फळीसारखे ताठ झाले. दोन्ही हात बाजूला तसेच लोंबत होते, ते कुठे ठेवायचे हे त्यांना ऐंशी वर्षांत कुणी सांगितलं नसावं. नाना काही सोडेनात. मग आजोबांचा उजवा हात हळूच वर आला, आणि गादी सगळीकडे सारखी भरली आहे ना हे चाचपून बघावं, तसं त्यांनी नानांच्या पाठीवर दोनदा थापटलं.